चुन्यानचं लाल पाऊल

"बाबा, बाळ आवडलं नाही तर परत देता येतं का?"

प्रश्न आश्लेषाचा नव्हता. म्हणजे तोंड तिचं, प्रश्न निधीचा. त्या दुपारी शाळेच्या कॅफेटेरियात निधी आणि केटी या मैत्रिणींनी मिळून तिला डेअर दिलं होतं. आज रात्री जेवताना हे विचारायचं, याच शब्दांत, अजिबात न हसता. विचारलंस तर आठवडाभर तुझा बँडचा जड ट्रॉम्बोन आम्ही उचलू. वर्षापूर्वीची आश्लेषा असती तर मान खाली घालून भात चिवडत बसली असती. पण आता दातांवरच्या तारा निघाल्या होत्या, डिबेट टीममध्ये नाव लागलं होतं, आणि पोरगी एकदा बोलायला लागली की तिला आवरायला मिशिगनमधल्या त्यांच्या नोव्हाय गावचा फायर ट्रक बोलवावा लागेल, असं तिची आईच म्हणायची.

शिवाय प्रश्न काही अगदीच हवेतून आलेला नव्हता. तिचे बाबा, गुरुदत्त पाटणकर, दिवसा गाड्यांचे ब्रेक डिझाइन करायचे आणि वीकेंडला वस्तू रिटर्न करायचे. जूनमध्ये घेतलेला पंखा त्यांनी उन्हाळा संपल्यावर, सप्टेंबरात, "आवाज करतो हो फार" म्हणून परत केला होता. अख्ख्या मराठी मंडळात त्यांची ही ख्याती होती.

बाबांचा घास हातातच राहिला. आई उठली. फ्रिजवर मॅग्नेटने लावलेला फोटो काढून तिने आश्लेषाच्या ताटाशेजारी ठेवला. परवाच दत्तक देणाऱ्या एजन्सीकडून आला होता. तीन स्वेटर चढवलेलं, डोक्यावरचे केस सरळ उभे राहिलेलं एक बाळ, कॅमेऱ्याने आपलं काहीतरी पळवलंय अशा नजरेने बघणारं.

"हिला एकदा कुणीतरी ठेवून गेलंय, आशू," आई म्हणाली. "मजेतसुद्धा पुन्हा असं नको."

"सॉरी, आई. इट वॉज अ डेअर."

"निधीचं ना?" बाबा म्हणाले. "तिला सांग, आम्ही आशूलाही परत करायला निघालो होतो, पण पावती सापडली नाही."

"अहो!" आई म्हणाली, पण तिच्या ओठांचा एक कोपरा हलला. विषय तिथे संपला.

आश्लेषाच्या मनात मात्र संपला नाही. तिच्यानंतर आईची दोन बाळं जन्माला यायच्या आधीच गेली होती, हे तिला माहीत होतं. मग दोन वर्षं नुसते कागद. बोटांचे ठसे, डॉक्टरांचे दाखले, एजन्सीकडून घर बघायला येणाऱ्या बाईंसाठी तीनदा पुसलेलं घर. "चीनच का हो?" असं मंडळातल्या एकूण एक काकूंनी विचारलं होतं, आणि बाबा दर वेळी तेच उत्तर द्यायचे, "कारण त्यांनी आमचा फोन उचलला." एवढं सगळं करून आई रोज त्या फोटोला गुड मॉर्निंग म्हणायची. आणि आपण काय विचारलं? ट्रॉम्बोनसाठी?

ऑक्टोबरच्या शेवटी तिघं चीनमधल्या नानचांगला पोचले. एका सरकारी कचेरीतल्या लांबलचक खोलीत पाच अमेरिकन कुटुंबं रांगेने बसली होती, आणि एकेक नाव पुकारलं की दारातून अनाथाश्रमाची एकेक दाई एकेक बाळ घेऊन यायची. बाकी चारही बाळांनी खोली डोक्यावर घेतली. पाटणकरांचं बाळ रडलं नाही. हसलंही नाही. आईने हात पुढे केले तशी ते पोत्यासारखं तिच्या खांद्यावर पडलं आणि भिंतीकडे बघत राहिलं. वय तेरा महिने, नाव चुन्यान. दुभाषी मिस लिऊ म्हणाल्या, म्हणजे वसंतात येणारी पाकोळी.

दाई जायला निघाली. जाता जाता तिने बाळाच्या स्वेटरचं वरचं बटण नीट लावलं, मग एक पाऊल मागे गेली, आणि पुन्हा पुढे येऊन तेच बटण परत तपासलं. ते बघून आश्लेषाला काय झालं कुणास ठाऊक. मिशिगनमध्ये पाहुण्यांना वाकून नमस्कार कर म्हटलं की डोळे फिरवणारी ही मुलगी पुढे झाली आणि तिने सरळ त्या बाईंच्या पायांना हात लावला. बाई दचकल्या. मग त्यांनी आश्लेषाचा गाल एकदा थोपटला, काहीतरी म्हणाल्या आणि भरभर निघून गेल्या.

"काय म्हणाल्या?"

"हिला भात जास्त आवडतो, असं म्हणाल्या," मिस लिऊंनी सांगितलं.

टेबलामागचे अधिकारी चष्मा पुसत काहीतरी बोलले. मिस लिऊंनी इंग्रजीत सांगितलं, आज बाळाला हॉटेलवर न्या. उद्या सकाळी परत या. तेव्हा आम्ही विचारू, तुम्हाला हे मूल पसंत आहे का. मगच सही-शिक्का.

 हा तर आश्लेषाचाच प्रश्न! तिने जेवणाच्या टेबलावर टाकलेला प्रश्न सातासमुद्रापार येऊन तिची वाट बघत बसला होता, तोही शाईचा पॅड घेऊन.

हॉटेलवर बाळाने बाटली ढकलून दिली. बसवलं की ते डावीकडे कलंडायचं. शेजारच्या खोलीतल्या, ओहायोहून आलेल्या बाई नर्स होत्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तेरा महिन्यांची मुलं बसतात. तुम्ही नीट विचारून घ्या." त्या गेल्यावर आई-बाबा खिडकीपाशी उभे राहून कुजबुजायला लागले. आश्लेषाला एवढंच ऐकू आलं, "...उद्या विचारतील, त्याच्या आधी..."

झालं. पंख्याचं झालं तेच हिचं होणार.

मग तिने डिबेटच्या आदल्या दिवशी करायची तेच केलं. तयारी. चार उशा गोळा करून तिने बाळाभोवती किल्ला बांधला, त्याला मधे बसवलं आणि समोर पालथी पडून सांगायला लागली, "हे बघ, चुन्यान, फक्त दहा मिनिटं. उद्या त्या काकांसमोर सरळ बसायचं. हसलीस तर बोनस पॉइंट. पण बस तरी. प्लीज, यार."

बाळ कलंडलं. तिने पुन्हा बसवलं. पुन्हा कलंडलं.

"आशू, काय चाललंय?" बाबा मागे उभे होते.

"प्रॅक्टिस," ती म्हणाली, आणि तिचा आवाजच फुटला. "उद्या नाही बसली तर तुम्ही नको म्हणाल. आणि मीच विचारलं होतं ना ते, आधी मीच विचारलं होतं..."

 बाबा गुडघे मोडून कार्पेटवर तिच्याशेजारी बसले. "अगं वेडाबाई, आम्ही तिकडे मिशिगनला नीलामावशीला फोन लावायचं म्हणत होतो. उद्या विचारतील, मग दिवसभर सह्या, त्याच्या आधीच तिच्याकडून नोव्हायच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट अलीकडची घ्यायची. बसत नसेल तर बसायला शिकवू. तू कुठे बसत होतीस? दीड वर्षाची होईपर्यंत नुसती लोळत होतीस."

"खरंच?"

"आईला विचार. कार्पेट झिजवलंस."

आई तोवर खालच्या रेस्टॉरंटमधून वाडगा घेऊन आली होती. दाईबाईंचा शब्द तिने पक्का धरला होता. तांदळाची गरम पेज, अगदी आपल्या घरच्यासारखी. पर्समधून तिने मेतकुटाची पुडी काढली. ती पुडी तिने मिशिगनपासून सांभाळून आणली होती, कारण परक्या गावी पोटाला काय मानवेल सांगता येत नाही. चिमूटभर पेजेत कालवून पहिला चमचा आश्लेषाच्या हातात दिला. बाळाने वास घेतला, तोंड उघडलं आणि गिळलं. दुसऱ्या चमच्याला ते स्वतःच पुढे वाकलं. दोन वाडगे संपले. मेतकुटाने पिवळ्या झालेल्या हाताने त्याने आश्लेषाची वेणी पकडली आणि मग कुणी कितीही सोडवली तरी सोडली नाही. वेणी ओढली गेल्याने आश्लेषाच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणजे तिने तरी कारण तेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी चष्मा लावला आणि विचारलं, "हे मूल तुम्हाला पसंत आहे का?"

पंखा परत करणाऱ्या त्या माणसाने टाय सरळ केला. "आम्हाला काय विचारता, साहेब? तिला विचारा, आम्ही तिला पसंत आहोत का."

मिस लिऊंनी ते चिनी भाषेत सांगितलं. अधिकारी पहिल्यांदाच हसले. त्यांनी बाळाचा उजवा पाय धरून लाल शाईच्या पॅडवर टेकवला आणि कागदावर उमटवला. पाच इवल्या बोटांचा लालचुटूक ठसा. पाय पुसायला त्यांनी रुमाल पुढे केला, पण आईने तो घेतलाच नाही. ती त्या तळव्याकडे बघत म्हणाली, "गौरीचं पाऊल आहे हो हे," आणि इतकी रडली की मिस लिऊंना वाटलं काहीतरी चुकलं.

नोव्हायच्या घरात ते बाळ उंबऱ्यातून आत आलं तेव्हा अंगणात बर्फ होता.

आता नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी बारसं ठरलं होतं. मंडळाचा एकुलता एक लाकडी पाळणा शोभाकाकूंच्या बेसमेंटमधून आला होता, आणि चौदा महिन्यांच्या बाईसाहेबांचे पाय त्यातून बाहेर येत होते. ओटीच्या घुगऱ्यांसाठी हरभरे आणून ठेवले होते. निधीने सगळं ऐकल्यावर ट्रॉम्बोन उचलायचा एक आठवडा आपण होऊन दोन आठवडे केला होता. एवढं सगळं जागच्या जागी असून गुरुवारी रात्री, त्याच टेबलावर, आई-बाबा दोन गोष्टींवर अडून बसले होते.

"कानात नाव आत्याने सांगायचं असतं," आई म्हणाली. "तुम्हाला तर बहीणच नाही. शोभाकाकूंना विचारू का?"

"विचार. अनिका तर ठरलंच, पण मधल्या नावाचं काय? एजन्सी म्हणते चुन्यान ठेवा. माझी आई सांगलीहून फोनवर ओरडतेय, मधे बापाचं नाव नाही म्हणजे पोर बिनबापाची वाटेल."

"माझ्या नावात लग्नापासून तुमचं नाव मधे बसलंय ते बसलंय," आई म्हणाली, "पण तिथलं म्हणून ते नाव तेवढं एकच आहे तिच्याकडे."

आश्लेषाच्या मांडीवर अनिका, म्हणजे चुन्यान, म्हणजे दोन्ही, बसली होती. हो, बसली होती, सरळ, एका हातात वेणीचं टोक धरून. आश्लेषाने आमटीची वाटी बाजूला सारली.

"मी सांगते काय करायचं. बारशाला नाव मी सांगणार. आत्या नाही तर ताई. एका कानात अनिका, दुसऱ्या कानात चुन्यान, आणि पाठीत बसणारे धपाटे सगळे माझे. फॉर्मवर मधे चुन्यानच येणार. बाबा, तुमचं नाव मी रोज शाळेत घेऊन फिरतेय, आजीला म्हणावं एवढं पुरे. त्या दाईबाईंना फोटो मी पाठवणार, दर वर्षी, चिनी शिकून स्वतः लिहून."

आई-बाबा एकदम बोलायला गेले. तिने हात वर केला.

"आणि या वेळी मी विचारत नाहीये. सांगतेय."