घडीतला विस्तव

मी तेलकोट बोलतोय. साध्या सुती कापडाचा, पण समुद्रावर जाणाऱ्याच्या अंगाला पाण्याचा थेंब लागू देत नाही. पाण्याला मी भीत नाही. भितो ते माझ्याच अंगातल्या तेलाला.

ओलाउगनं मला नवऱ्यासाठी शिवलं. पेडर हिवाळ्यात लोफोटेन बेटांकडे कॉड मासा धरायला जाणार होता. उकळलेल्या जवस तेलाचा एक हात द्यायचा, बाह्यांत काठी घालून आठवडाभर टांगायचं, मग दुसरा हात. तिसरा हात देऊन दोनच दिवस झाले आणि निरोप आला, वारा चांगला आहे, होडी आजच सुटतेय.

"अजून चिकट आहे हो," ओलाउग कुरकुरली.

"वाळेल गं वाटेत."

तिनं माझी घट्ट घडी घातली, त्याच्या प्रवासाच्या पेटीत लोकरी मोज्यांखाली दाबली आणि झाकण लावलं. बायकोनं भरलेली पेटी आमच्याकडे लोफोटेन येईपर्यंत उघडत नाहीत. मासा रुसतो म्हणे.

दुपारपर्यंत माझ्या घडीत ऊब आली, मग धग. विस्तव नाही, काडी नाही, आणि मी आतून तापत होतो! जवस तेल वाळताना तापतं; टांगलं तर वारा ती ऊब नेतो, घट्ट घडीत ती कोंडून वाढत जाते. लाकडाची होडी, तीत सहा माणसं. मला ओरडताही येईना. 

"पेडर, वहिनींनी पेटीत चूल मांडून दिलीय काय रे? करपल्याचा वास येतोय," होडीतला सोबती अंतोन म्हणाला. सगळे हसले.

पेडर हसला नाही. त्यानं झाकण उचललं.

"अरे, अपशकुन करतोस!" अंतोन ओरडला.

तेवढ्यात धुराचा लोट उठला. पेडरनं मला उचलून समुद्रात बुचकळलं. माझ्या पाठीला ताटाएवढं भोक पडलं होतं. सगळा हिवाळा त्याची पाठ भिजत राहिली.

घरी आल्यावर ओलाउगनं विचारलं, "हे काय झालं?"

"चुलीची ठिणगी उडाली." घडी तिच्या हातची होती. खरं सांगितलं असतं तर तिच्या जिवाला कायमचा घोर लागला असता. किती भला माणूस, असं मला तेव्हा वाटलं.

आज पेडर समुद्रावर आहे. ओलाउगनं मला ठिगळ लावलं, तेल दिलं, खुंटीला टांगलं. तेलानं माखलेल्या चिंध्यांचा घट्ट बोळा केला आणि पाळण्यामागच्या सरपणात कोंबला. पाळण्यात त्यांची तान्ही लेक सिग्ने झोपलीय. दाराबाहेर ओलाउग मासे वाळत घालतेय, गुणगुणतेय.

आणि मला तो वास येतोय.

अहो, तुम्हाला तरी माझं ऐकू येतंय ना? तिला हाक मारा. ओलाउग, अगं, आत ये!