चेंगडूलाच राहिले असते मी

मी एक जुनी सॅक आहे. एके काळी निळी होते. आता या रंगाला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. मित्रांनो, तुमच्या पाठीवरच्या चकचकीत सॅकांपुढे मी अगदीच बापुडवाणी दिसते, हे मला ठाऊक आहे. पण त्यांच्यातल्या किती जणी चीन बघून आल्या? मी आले आहे. तिथे जाणं सोपं होतं. परत येताना मात्र माझ्या जिवावर बेतलं होतं.

माझा जन्म वसई पूर्वेला, वालीवच्या सॅक शिवणाऱ्या एका गाळ्यात झाला. जन्मल्याबरोबर पोटात कागदाचे बोळे कोंबून मला विरारच्या एका दुकानात टांगलं. जवळच्याच वटार गावच्या तेजसने मला तिथून उचललं तेव्हा तो कॉलेजात होता. त्याचे वडील हरिभाऊ यांची वटारला वाडी आहे. केळी, मोगरा, सोनचाफा, सगळं आहे तिथे. त्या घरात माझं काय कौतुक झालं! तेजसच्या आई सरलाबाई तर शेजारच्या मेरीकाकूंना मुद्दाम बोलावून माझे कप्पे मोजून दाखवायच्या.

पण नव्याचे नऊ दिवस. तेजसला नोकरी लागली आणि ऑफिसने त्याला एक काळी, ताठ मानेची बॅग दिली. मी गेले माळ्यावर. सरलाबाईंनी माझ्या पोटात वालाचं बियाणं भरून ठेवलं. आता बियाणं म्हणजे झोपाळू जात, बोलणार कोणाशी? तिथे मी वर्षानुवर्षं धूळ खात पडले होते. मला कोणी विसरलंय असंही म्हणता येणार नाही, कारण विसरण्याआधी आठवावं लागतं.

मला खाली काढलं ते इशिताने. उमेळ्याची ही पोर तेजसशी लग्न करून आली आणि दोघांनी विरारच्या चंदनसारला छोटा फ्लॅट घेतला. दोघांनाही फिरायचं वेड, पण खिसा बेताचा. म्हणून त्यांनी स्वस्तात स्वस्त विमान शोधलं आणि चीनमधलं चेंगडू शहर ठरवलं. तिकीट इतकं स्वस्त होतं की त्यात सामान धरलेलंच नव्हतं. दोघांत मिळून पाठीवरच्या एकाच सॅकमध्ये मावेल तेवढंच न्यायचं होतं. इशिताने मला धुतलं, उन्हात वाळवलं आणि दोघांचे कपडे गुंडाळ्या करून माझ्यात असे बसवले की मलाच माझ्या पोटाचं आश्चर्य वाटलं.

हरिभाऊ म्हणाले, “चीन? लोक सिमल्याला जातात, महाबळेश्वरला जातात.”

सरलाबाईंनी मात्र एकच सांगितलं. “कोणाकडे जेवलात तर पानात काही टाकू नका हां. पान स्वच्छ करूनच उठायचं. आपल्या घरची रीत दिसली पाहिजे.”

मित्रांनो, ही साधी गोष्ट लक्षात ठेवा. सगळा घोटाळा तिनेच केला.

चेंगडू म्हणजे मजाच मजा! आम्ही सगळीकडे पायीच फिरलो. फार दमलो तर मेट्रो. एका बागेत बांबूच्या खुर्च्यांवर बसून लोक दिवसभर चहा पीत होते आणि चिमटे वाजवत फिरणारी माणसं गिऱ्हाइकांचे कान साफ करून देत होती. तेजस हौसेने बसला आणि गुदगुल्यांनी असा किंचाळला की शेजारचे म्हातारे पत्ते टाकून हसायला लागले. एका टपरीवर इशिताने माशाचा तुकडा तोंडात टाकला आणि तिची जीभच बधिर झाली.

“अरे, ह्यातला मसाला तर आपल्या तिरफळाचं भावंड आहे!” ती ओरडली आणि डोळ्यांतून पाणी गाळत तिने आख्खी वाटी संपवली.

पांडाही पाहिले. एक पांडा आमच्याकडे पाठ करून बांबू खात बसला होता. तेजस म्हणाला, “सेम बाबा! रविवारी पेपर वाचताना असेच बसतात.” इतकं हसताना मी इशिताला आधी कधी पाहिलं नव्हतं. मीही तिच्या पाठीवर हिंदकळत होते. आणि त्यातच माझा डावा पट्टा अर्धा फाटला.

आम्ही उतरलो होतो लिऊ आजींकडे. चौथ्या मजल्यावर, लिफ्टशिवाय, म्हणून खोली परवडली. संध्याकाळचं जेवण आजींकडेच असे. पहिल्याच दिवशी आजींनी भात, वांगी, टोफू असं काय काय मांडलं. दोघांनी वाट्या चाटूनपुसून साफ केल्या. आजींनी लगेच पुन्हा वाढलं. दोघांनी तेही संपवलं. आजींनी आणखी वाढलं.

“तेजस, मी आता फुटेन,” इशिता हसऱ्या चेहऱ्याने पुटपुटली.

“पानात टाकायचं नाही. आईने सांगितलंय.”

दुसऱ्या दिवशीही तेच. मी कोपऱ्यात बसून आजींचा चेहरा बघत होते. त्या रिकाम्या वाट्यांकडे बघत, मग दोघांच्या मळलेल्या बुटांकडे, मग माझ्या फाटक्या पट्ट्याकडे. आणि सुस्कारा सोडत. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं, पण आम्हा सॅकांना सांगता कुठे येतं?

निघायच्या दिवशी सकाळी दोघं अंघोळी आटपून आली तेव्हा खोलीत एक नवीकोरी लाल सॅक उभी होती. आजींनी माझ्यातले सगळे कपडे काढून, घड्या घालून तिच्यात भरलेही होते. आणि मला? मला दाराबाहेर, कचऱ्याच्या डब्याला टेकवून ठेवलं होतं. रिकाम्या पोटी मी तिथे बसले आणि खरं सांगते, मला फार भीती वाटली.

“अगं, घेऊया ना,” तेजस म्हणाला. “हिचा बेल्ट बघ, एअरपोर्टपर्यंत पण टिकणार नाही. आणि दोन सॅक विमानात घेऊ देणार नाहीत.”

“म्हणजे हिला इथे कचऱ्यात टाकून जायचं? मला नाही जमणार.”

इशिताने फोनवरून भाषांतर करून आजींना नको म्हणून सांगितलं. आजींना वाटलं, पोरगी संकोचतेय. त्यांनी सॅक पुन्हा तिच्या हातात दिली. इशिताने पुन्हा परत केली. तेव्हा मात्र आजींचा चेहरा पडला. इशिताच्याही डोळ्यांत पाणी आलं. म्हातारीचं मन मोडायचं नाही आणि मलाही सोडायचं नाही! शेवटी तिने सासूला व्हिडिओ कॉल लावला.

वटारला नुकतं उजाडलं होतं. सरलाबाई ओट्यावर मोगऱ्याच्या कळ्या निवडत होत्या.

“काय गो, रडतेस कशाला?”

इशिताने सगळं सांगितलं. सरलाबाईंनी कळ्या बाजूला ठेवल्या. “आधी सांग, ती बाई तुम्हांला जेवायला कसं वाढते?”

“आई, आम्ही संपवलं की परत वाढते. संपवलं की परत! पोटात जागाच राहिली नाही.”

सरलाबाई खो खो हसत सुटल्या. “अगो येडे, तिला वाटतंय तुम्ही उपाशी आहात! खायला नाही, सॅक फाटकी, गावभर पायी हिंडताय. पान रिकामं दिसलं की मीसुद्धा वाढतेच ना? आज पानात एक घास ठेवून उठा.”

“आई, टाकू नका असं तुम्हीच सांगितलंत!”

“आता ठेवा असंही मीच सांगते. माझ्या घरी माझी रीत, तिच्या घरी तिची. दे तिच्याकडे फोन.”

मग जे झालं ते बघायला तुम्ही हवे होतात. सरलाबाई आपल्या बोलीत बोलत होत्या, आजी आपल्या. एकीचं अक्षर दुसरीला कळत नव्हतं. सरलाबाईंनी फोन फिरवून घर दाखवलं, केळीचे घड दाखवले, चहा पिणारे हरिभाऊ दाखवले. पोरं खात्यापित्या घरची आहेत हे आजींना पटलं. मग सरलाबाईंनी दोरीवरची जुनी गोधडी ओढून तिची ठिगळं एकेक करून दाखवली आणि हाताने टाके घातल्याची खूण केली. इशिताने पटकन मला आत आणून आजींसमोर धरलं. आजींनी माझ्याकडे पाहिलं, गोधडीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून हसत हसत शिवणाचा डबा आणायला गेल्या.

न्याहारीला दोघांनी बशीत अर्धा अर्धा पाव न खाता तसाच ठेवला. तेजसचा हात सवयीने पुढे गेलाच, इशिताने त्यावर चापट मारली. आजींनी उरलेला पाव पाहिला, स्वतःचं पोट थोपटून ‘भरलं ना?’ अशी खूण केली आणि खुशीत बशा उचलल्या. मग माझा पट्टा मांडीवर घेऊन त्यांनी जाड लाल दोऱ्याने असा शिवला की सुई काढायला दात लावावे लागले.

लाल सॅकही इशिताने नाकारली नाही. चार घड्या घालून तिने ती माझ्याच पोटात ठेवली, सासूला भेट म्हणून. माझी जागा घ्यायला निघालेली ती नटवी माझ्याच पोटात बसून वसईला आली. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! आता सरलाबाई तिच्यातून मोगरा बाजाराला नेतात. तिला माळा माहीत नाही आणि माहीत होऊही नये.

मी चंदनसारच्या फ्लॅटमध्ये दाराजवळच्या खुंटीवर असते. माझी बाकीची शिवण आता विसविशीत झाली आहे, आजींचे टाके मात्र हललेले नाहीत. आणि दर महिन्याला वटार आणि चेंगडूचा फोन होतो. दोघी बायका अजूनही एकमेकींचं अक्षर समजत नाहीत आणि अर्धा अर्धा तास बोलतात.

मित्रांनो, तुमचंही काहीतरी एक दिवस फाटेल. सॅक, छत्री, चप्पल, काहीही. तेव्हा लगेच कचऱ्याच्या डब्याकडे जाऊ नका. घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाकडे जा आणि सुईदोरा मागा. ते चष्मा शोधतील, डबा शोधतील, मग शेजारी बसवून घेतील आणि बोलायला लागतील. त्यांना घाई करू नका. आम्ही वस्तू तोवर मांडीवर निवांत पडून राहू, मध्ये एक शब्द बोलणार नाही.