हालबाई घोटताना

गिरिजाबाईंच्या ऑनलाइन वर्गात तोंड दाखवायची सक्ती नव्हती, हात दाखवायची होती. टॅब फळीवर असा तिरका लावायचा की कढई आणि दोन हात दिसले पाहिजेत. आणि आपला आवाज कायम चालू. कारण बाई पदार्थ डोळ्यांपेक्षा कानांनी ओळखत. "कलथा तळाला कसा लागतो ते मला ऐकू दे, नोडम्मा, बघ गं. तुम्ही बघत बसा, मी ऐकते," असं त्या सांगत. चार पिढ्या म्हैसुरात काढलेल्या घरातली मराठी बाई. निम्मी वाक्यं कन्नडात संपायची.

त्या शनिवारी सकाळी हालबाई होती. भिजवलेले तांदूळ आणि ओलं खोबरं वाटायचं, गाळायचं, गुळात आटवायचं आणि वड्या पाडायच्या. ऐकायला सोपं. पण गोळा कढई सोडेपर्यंत हात थांबवायचा नाही. बारा जणी आपापल्या स्वयंपाकघरांत घोटत होत्या. त्यांतली एक म्हैसुरातल्याच गोकुळम भागात दुसऱ्या मजल्यावर राहणारी रजनी.

रजनीला पदार्थाची भीती नव्हती. भीती होती नवऱ्याची, आणि ती सहा वर्षांची जुनी होती. नाशिकहून इथे आल्यापासून विक्रांतने तिची माणसं एकेक करून तोडली होती. आधी मैत्रिणी, मग बहीण. घरातलं बाहेर जातं, म्हणे. जेवायला मात्र त्याला इथलं सगळं हवं होतं. "व्हिडिओ बघून शीक," म्हणत टॅब त्यानेच आणून दिला. हा वर्ग थेट चालतो, पलीकडे जिवंत बायका असतात, हे तिने त्याला सांगितलं नव्हतं. शनिवारी तो अकरापर्यंत बॅडमिंटनला असे. तीन शनिवार निभावले होते.

विक्रांत मारत नसे. तो स्वतःच तसं सांगे. मनगट पिरगाळणं, दंडात बोटं रुतवणं, केस धरून मान मागे ओढणं, याला तो मारणं म्हणत नसे. त्याच्यासारखे शिकलेले पुष्कळ जण म्हणत नाहीत.

दहा वाजता दारात किल्ली फिरली.

एका हाताने घोटत रजनीने दुसरा हात टॅबकडे टाकला. बोटं गुळाने चिकट, पडदा दाद देईना. कडेचं आवाजाचं बटण तेवढं दाबलं गेलं आणि गिरिजाबाईंचा आवाज बारीक होत होत बंद पडला. आता त्यांनी नाव घेऊन हाक मारली तरी त्याला ऐकू येणार नव्हती. आपलं बोलणं मात्र पलीकडे जातच आहे, हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा तो बूट काढून आत आलेला होता.

"कोर्ट नाही मिळालं," तो म्हणाला. "काय चाललंय?"

"हालबाई."

त्याने पडद्याकडे पाहिलं. एक मोठी कढई, कलथा धरलेला एक सुरकुतलेला हात. कुठलाही व्हिडिओ असतो तसा.

"खालच्या नागरत्नाबाई भेटल्या जिन्यात. काल रात्री मॅडम रडत होत्या का, विचारत होत्या."

"मी त्यांच्याशी काही बोलले नाही."

"मग भिंती बोलल्या?" तो हसला. हात धरण्याआधी तो नेहमी हसायचा. "माझ्याकडे बघ."

"आत्ता नको, विक्रांत. करपेल हे. नंतर बोल काय ते."

"आत्ता नको? आता तू वेळ देणार मला?"

त्याने तिचं मनगट धरलं आणि फिरवलं. कालच्याच जागी. तोंडून निघालेला आवाज तिने दातांखाली अर्धा अडवला. कलथा थांबला.

"काल काय सांगितलं होतं? तोंड उघडलंस तर हात गॅसवर धरीन. सांगितलं होतं का नव्हतं?"

"होतं."

पडद्यावरचा सुरकुतलेला हातही थांबला होता. मग तो दिसेनासा झाला. ती कढई आता कुणीच ढवळत नव्हतं. गिरिजाबाईंनी ऐकलं होतं. आता ते फक्त त्याला कळायचं राहिलं होतं.

त्याचंही लक्ष गेलं. "ही बाई कुठे गेली? आणि आवाज का बंद ठेवलायस?"

"असू दे तसाच."

एवढं बोलायला नको होतं. मनगट न सोडता त्याने दुसऱ्या हाताने आवाज वाढवला.

आधी कुणाच्या तरी घरी भांडं वाजलं. मग गिरिजाबाई म्हणाल्या, "रजनी, ऐकू येतंय का गे तुला?"

विक्रांत जागच्या जागी थिजला.

"आम्ही सगळ्यांनी गॅस बंद केलाय. सगळ्यांनी ऐकलंय. तिचा हात सोड रे आधी. दिसतोय मला."

"मॅडम, गैरसमज होतोय." त्याचा आवाज क्षणात ऑफिसातला झाला, मऊ, इस्त्री केलेला. "चटका बसत होता तिला, म्हणून धरलं. विचारा तिलाच."

मनगट सुटलं. बोटं वर सरकली, कॅमेऱ्याच्या बाहेर, आणि दंडात रुतली.

"साकु, पुरे," बाई म्हणाल्या. "तुला नाही विचारलं. रजनी, तू सांग. वर्गातली सुप्रीता तुझ्याच रस्त्यावर राहते, ती निघालीय. ती पोचेपर्यंत टॅब बंद करायचा नाही. अष्टे, एवढंच."

"चटका होता म्हण," तो कानाशी पुटपुटला.

होता म्हटलं तर सुप्रीता दारातूनच परत जाईल आणि दार लागेल. नव्हता म्हटलं तर ती येईपर्यंतची पाच मिनिटं त्याची. दोन्हीकडे तोच उभा होता. भीती ओसरली की बोलू, असं म्हणत तिने सहा वर्षं काढली होती. आत्ताही ती ओसरली नव्हती. 

"चटका नव्हता," ती म्हणाली. "तो हात पिरगाळतो. कालही पिरगाळला होता."

दंडातली बोटं आणखी आत गेली. तिने श्वास घेतला.

"आत्ताही धरलंय त्याने. तुम्हाला दिसत नाही, तिथे."