दाजींनी सरळ केलेली नदी

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान नदी-संशोधन केंद्राचे प्रमुख होते. नदीबद्दल त्यांची एकच तक्रार होती: ती ऐकत नाही.

ताईचं घर नदीच्या वळणावर. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी काठ पोखरतं आणि तो माल खाली नेऊन दुसऱ्याच्या दारात टाकतं. नद्यांचा हा उद्योग माणसाला शेपूट होतं तेव्हापासूनचा. ताईचं घर नेमकं बाहेरच्या अंगाला. आधी लिंबाचं झाड गेलं, मग कपडे वाळत घालायची तार, मग परसाची भिंत. खालच्या वळणावर पलीकडे एक शिंपी राहायचा. त्याच्या अंगणाला मात्र दर पुरानंतर नवी कोरी जमीन जोडली जाई.

"अहो, वरच्या रस्त्याला आपली जागा आहे. तिथं खोल्या बांधून पडल्यात. जाऊ या ना," ताई म्हणायची.

"केंद्राच्या प्रमुखानं नदीला भिऊन घर सोडायचं? लोक तोंडात शेण घालतील."

दाजींनी उपाय काढला. वळण टाळून सरळ चर खणायचा आणि नदीला नाकासमोर चालायला लावायचं. आधी केंद्राच्या शेडमध्ये वाळूची छोटी नदी केली. पंप लावला, चर काढला, वळणावर काडेपेटीएवढं लाल छपराचं घर ठेवलं.

छोटी नदीही थोरलीइतकीच उर्मट निघाली. चरात शिरली खरी, पण सोबत आणलेली वाळू तिनं चराच्या तोंडाशी टाकली, स्वतःच बूच बसवलं आणि जुन्या वळणानं जाऊन घर पाडलं.

"पंप खराब आहे," दाजी म्हणाले. पंप बदलला. घर पडलं. "वाळू निकृष्ट आहे." वाळू बदलली. पुन्हा घर पडल्यावर दाजींनी शास्त्राला रामराम ठोकला आणि सगळ्या वाळूवर सिमेंटचं पाणी शिंपडायला लावलं. वरून केकवर साखर भुरभुरवावी तशी कोरडी वाळू.

मी विचारलं, "दाजी, खऱ्या नदीलाही सिमेंट पाजणार?"

"तेवढा निधी कुठाय?"

"मग?"

"अरे, प्रयोगात सगळं आदर्श लागतं. तुला नाही कळायचं."

मंत्री आले. पाणी खाली मान घालून चरातून सरळ गेलं. टाळ्या पडल्या. ताईही आली होती. तिनं सहज गंमत म्हणून ते लाल घर उचलून वरच्या रस्त्यावर ठेवायला हात घातला. घर निघेना. जरा हिसका दिला, तर घराबरोबर अख्खा काठ फरशीसारखा वर आला आणि पाणी भोकातून मंत्र्यांच्या बुटांत शिरलं.

"ओलावा जरा जास्त झाला," दाजी म्हणाले.

न कळलेल्या गोष्टीला टाळ्या वाजवण्यातच मंत्र्यांची हयात गेली होती. त्यांनी परत वाजवल्या. योजना मंजूर.

ताईनं घरी जाऊन सामान बांधलं. दुसऱ्या दिवशी दारात टेम्पो उभा केला.

"माहेरी चाललीस?" दाजींनी विचारलं.

"वरच्या रस्त्याला. तुमची नदी सरळ झाली की परत येईन."

कपाटं, भांडी, गाद्या सगळं वर गेलं. खाली उरली एक खुर्ची आणि तिच्यावर दाजी, म्हणजे केंद्राची अब्रू.

यंत्रं आली, चर खणला, फीत कापली. पहिल्या पुराला नदी चरात शिरली. दाजींनी वर ताईला फोन करून "बघ!" म्हणून सांगितलं. मग नदीनं डोंगरावरून आणलेला गाळ चराच्या तोंडाशी टाकला, बूच बसवलं आणि दुप्पट जोरानं जुन्या वळणावर आली. तिला कुणी प्रयोगाचा निकाल कळवला नव्हता.

भर दुपारी दाजी गुडघाभर चिखलातून, डोक्यावर खुर्ची घेऊन रस्ता चढताना दिसले. त्यांच्या पाठीमागं घर आधी वाकलं, मग बसलं, मग नव्हतंच.

ताईनं दार उघडलं.

"प्रयोग बरोबर होता," दाजी धापा टाकत म्हणाले. "नदीत दोष आहे."

"असेल हो. पाय धुऊन आत या. त्यातला निम्मा दोष तुमच्या पायांना लागलाय."

पूर ओसरल्यावर खालच्या वळणावर घराचा दरवाजा सापडला, कडीसकट. शिंप्यानं तो दोन पिंपांवर आडवा टाकलाय आणि त्यावर कापड बेततो. परवा दाजी सदरा शिवायला त्याच्याकडेच गेले. शिंप्यानं माप घेतलं आणि म्हणाला, "साहेब, पुढच्या पुरात आणखी काही पाठवणार असाल तर एखादी खिडकी बघा."