चित्रातले मामा

बिट्टीला सकाळपासून धास्ती होती, आणि ती काही उगाच नव्हती. बारा वाजता मामा कारखान्यातल्या बिनचालकाच्या यंत्रगाडीकडे पाठ करून उभे राहणार होते. गाडीवर दोनशे किलो लोखंड. थांबली तर वाहवा, नाही थांबली तर मामांचे पाय.

गाडी आंधळी होती, खरी मेख तीच. समोरचं बघणारे सेन्सर अजून यायचे होते. तोवर तिला दिसायचं ते फक्त बिट्टीच्या कम्प्युटरमधलं. बिट्टीने अख्ख्या कारखान्याचं हुबेहूब चित्र त्यात उभं केलं होतं, खांब, रॅक, दारं, सगळं. चित्रातली गाडी चालली की खालची खरी गाडी तशीच चालायची. चित्रात वाट अडली की खरी थांबायची. माणसांच्या आकृत्याही चित्रात ठेवाव्या लागायच्या, ज्याच्या त्याच्या खिशातल्या बिल्ल्यावरून त्या माणसाबरोबर हलायच्या. मामांची आकृती तर तिने मन लावून काढली होती, पोटासकट. एवढं काही पुढे नाही गं, म्हणून मामा कुरकुरले, पण बाकीच्या फिटरांना बोलावून बोलावून दाखवलं ते त्यांनीच.

आई गेल्यावर तिला वाढवलं मामांनी, इथे चिकटवलं तेही मामांनीच. मालकीणबाई म्हणाल्या होत्या, माणूस समोर असताना गाडी थांबते हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी ती कामगारांत सोडणार नाही. रास्तच होतं बाईंचं. पोतं ठेवून दाखवू, असं बिट्टी पुटपुटते तोवर मामांनी छाती पुढे काढली. भाचीवर माझा भरवसा आहे, मी उभा राहतो, तोही पाठ करून. झालं! हौसेला मोल नसतं म्हणतात, मामांच्या हौसेला अक्कलही नव्हती.

बारा वाजले. मालकीणबाई हाताची घडी घालून बाजूला उभ्या. मामांनी यंत्रांचा आवाज नको म्हणून कान झाकून घेतले आणि पाठ फिरवली. वर काचेच्या केबिनमध्ये बिट्टीने माउस दाबला. गाडी पडद्यावर निघाली, खालीही निघाली. कोपऱ्यातले आकडे तिने वाचले. वेग ठीक. बॅटरी ठीक. वाटेतले अडथळे शून्य. ते शून्य बघून तिला क्षणभर हायसं वाटलं, वेडी कुठली! आणि मग तिने तो आकडा पुन्हा वाचला. शून्य कसे? एक हवा, मामांचा.

सकाळी चाकाचा कोन तपासताना मामांची आकृती सारखी मध्ये येत होती, म्हणून तिने ती लपवली होती. एक टिचकी, बस. लपवलेली वस्तू गाडीच्या लेखी नसतेच, हे तिनेच सगळ्यांना शिकवलं होतं. आणि मामांची आकृती परत चित्रात आणायची राहून गेली.

तिने गाडी थांबवायचं बटण दाबलं. दाबल्यापासून गाडीला कळेपर्यंत एक सेकंद जायचा. त्या सेकंदात ओरडायला तिने तोंड उघडलं, पण मामांना ऐकू येणार नव्हतं.

गाडी थांबली. मामांच्या पोटरीपासून वीतभर अंतरावर.

मामांनी वळून ते अंतर बघितलं आणि असे फुलले की विचारू नका. मालकीणबाईंनी मान डोलावली, उद्यापासून सोडा म्हणाल्या. बिट्टी जिना उतरून आली तेव्हा मामा हमालांना सांगत होते, आता खुशाल पाठ करून काम करा, पोरीचं काम चोख आहे.

गप्प बसली असती तर कुणाला कळलं नसतं. वर जाऊन एक टिचकी मारली की मिटलं. तिला ते फार हवंसं वाटलं. पण हमाल मामांचा शब्द न् शब्द ऐकत होते.

"मामा, गाडी तुम्हाला बघून थांबली नाही. मी थांबवली. चित्रात तुम्ही नव्हताच. मी लपवलं होतं तुम्हाला."

मामांच्या चेहऱ्यावरचं हसू जायला वेळ लागला. मालकीणबाई काही बोलायला गेल्या, तर मामांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"कधीपासून नव्हतो?"

"नऊ वाजल्यापासून."

नऊपासून मामा सरावासाठी त्या चालत्या गाडीच्या पुढेमागे सात वेळा फिरले होते. एकदा तर तिच्यासमोर उकिडवे बसून बुटाची नाडी बांधली होती. त्यांनी बिट्टीचा हात धरला आणि मटकन खाली फरशीवर बसले. हात मात्र काही केल्या सोडेनात.