चालू डिस्कची तपासणी

"मॅडम, तुम्ही कधी चुकता का हो?"

विचारलं एकदाचं! मागे मैत्रिणींनी श्वास रोखला. मॅडमना हे विचारून दाखवायचं, ही पैज त्यांचीच. आवाजावरून जिला सगळे 'भोंगा' म्हणायचे, ती मॅडमसमोर मांजर होणार, याची त्यांना खात्री होती.

पण वेळ भलतीच निघाली. कॉम्प्युटरच्या मॅडम शाळेच्या मुख्य मशीनपुढे कपाळाला हात लावून बसल्या होत्या. सकाळी वीज गेली-आली, म्हणून डिस्क दोनदा तपासली, तर दोन्ही वेळा पडद्यावर चुकांची ही भली मोठी रांग! आणि त्याच डिस्कवर मुलींची फिल्म होती. एका मांजरीची, वर्षभर एकेक चित्र काढून केलेली. उद्या स्पर्धेला पाठवायची होती.

"नंतर विचार गं. डिस्क गेलीय बहुतेक," मॅडम म्हणाल्या. "दुरुस्त करू का, विचारतंय. 'हो' म्हणून टाकते."

तरी भोंग्याने पडद्यात डोकं खुपसलंच. "मॅडम, ही वरची मघाशी तपासलंत तेव्हाची रांग बघा, तिच्यात वेगळ्याच चुका आहेत! आणि ही फाइल तर आमच्या मांजरीची. ती आत्ता बनतेय, ते बघा ना!"

शेजारच्या पडद्यावर फिल्मची जोडणी अजून चालू होती. मांजर भिंतीवरून उडी मारत होती आणि तिचं एकेक चित्र त्याच डिस्कवर जाऊन बसत होतं.

मॅडमचं बोट बटणावरून मागे आलं. "अगं बाई! डिस्क चालूच ठेवली की मी. 'वापरात आहे, तरी तपासू?' असं विचारलंही होतं त्याने, मीच घाईत हो म्हटलं. मधल्या सुट्टीत पळणाऱ्या पोरांची डोकी मोजावीत, तसं झालं हे. कुणी दोनदा मोजलं जातं, कुणी राहूनच जातं. त्यावर विसंबून दुरुस्ती केली असती, तर धडधाकट डिस्कची वाट लागली असती!"

काम थांबवलं, डिस्क मोकळी केली, पुन्हा तपासली. एकही चूक नाही. मुलींनी वर्ग डोक्यावर घेतला.

"भोंग्या, थँक्यू गं," मॅडम सगळ्यांदेखत म्हणाल्या. "आणि हो, चुकते मी. आज तर दणकून चुकले असते."

भोंगा लाजून लालबुंद. हे नाव मॅडमना कसं ठाऊक? पण त्याहून मोठी गोष्ट तिला घरी जाताना सुचली. मॅडम नुसतं 'गप्प बस' म्हणाल्या असत्या, तर? त्या थांबल्या. एका पोरीचं ऐकून थांबल्या! तिने मनातल्या मनात त्यांना कडक सॅल्यूट ठोकला.

संध्याकाळी घरी ती शाळेतून आणलेल्या फिल्मला आवाज जोडत बसली. खांद्यावरून बाबा डोकावलेच. "ही मुकी आहे का गं?"

पाठोपाठ आई. "आणि शेपूट कुठे गेलं हिचं?"

एरवी ती रडकुंडीला आली असती. आज खुर्चीसकट गर्रकन वळली.

"आई, बाबा, मी ठरवलंय. काम चालू असताना तपासणी बंद! झालं की मीच हाक मारीन. मग काढा पोटभर चुका."