ग्वाकांच्या टेकडीवरची चुनखडी

कोरियातल्या थेबेकच्या घाटातली जुनी जागा गेली. रस्ता रुंद करणाऱ्यांनी कड्यावर सिमेंट फवारलं आणि जीवाश्मांनी भरलेला चुनखडीचा थर त्याखाली गाडला गेला. ह्येरानचे वडील, सगळ्यांचे सर, दर शरदात आपल्या जीवाश्म मंडळाला तिथे घेऊन जात. ते वसंतातच वारले होते.

"रविवारपर्यंत नवी जागा मिळाली नाही तर मंडळ बंद करू, पोरी," चिटणीस नामकाका फोनवर म्हणाले. "सर नाहीत, दगड नाही. जमून काय एकमेकांची टक्कलं बघायची?"

"जागा मिळेल."

ती हे उगाच म्हणाली नव्हती. थर काही रस्त्यापाशी संपत नसतो. नकाशावर तिने त्याची दिशा धरून रेघ ओढली, तेव्हा रेघ ओढा ओलांडून समोरच्या टेकडीवर चढली. एरवी तिथे कमरेएवढं गवत असतं. पण छुसॉकचा सण तोंडावर आला होता. घरोघरची माणसं पूर्वजांच्या थडग्यांवरचं गवत कापायला डोंगरात शिरली होती आणि बुजलेल्या वाटा मोकळ्या झाल्या होत्या. वडील नेहमी त्यांच्याच मागून जात.

कापलेल्या वाटेने ती चढली. तांबडी माती लागली, मग करडे दगड. वळणावर थडग्याचा गोल उंचवटा आणि चटईवर जेवायला बसलेलं ग्वाकांचं कुटुंब.

"आलीस एकदाची!" म्हातारी ओरडली. "गवत कापून झाल्यावर बरी जेवायला आलीस! सोलमध्ये गाड्या तुंबल्या, हेच ना?"

"आजी, मी..."

"आई, ही आपली नाही," गवत कापायचं यंत्र पुसत मुलगा म्हणाला.

"मग धाकटी सून कुठाय?"

"गाडीत असेल अजून."

"बघा! परकी पोरगी तिच्याआधी पोचली. बस गं, खा काहीतरी."

ह्येरानने आधी थडग्याला वाकून नमस्कार केला. खाता खाता येण्याचं कारण सांगितलं.

"फोडणार नाहीस ना काही?" मुलाने विचारलं.

"नाही. पावसाने झिजलेल्या दगडावरच जीवाश्म उठून दिसतात."

थडग्यामागच्या दगडावर तिने बाटलीतलं पाणी ओतलं. करडा दगड काळा झाला आणि नखाएवढ्या ट्रायलोबाइटच्या शेपट्या वर आल्या. एक, शेजारी दुसरी, मग सगळीकडे.

"बघा ना," म्हणत ती मागे वळली. मागे ग्वाक आजी उभी होती.

"झुरळं की काय?"

"समुद्रातले जीव, आजी. फार जुने."

"सासऱ्यांच्या उशाशी समुद्र! आणि थडग्यासाठी जागा निवडणारा शपथेवर म्हणाला होता, इथे पाण्याची बाधा नाही."

मुलगा हसून हसून लोळायचाच बाकी राहिला. ह्येरानही हसली, बऱ्याच दिवसांनी.

"रविवारी आमची माणसं आणू?"

"आणा. उंचवट्यावर पाय नको, आणि आधी सासऱ्यांना नमस्कार."

तिने तिथूनच फोन लावला. "काका, जागा मिळाली. हातोडे घरीच ठेवायला सांगा."

"पण दगडासमोर उभं राहून बोलणार कोण?"

"मी," ह्येरान म्हणाली. मग फोन खिशात टाकून दगडाच्या पुढच्या अंगावर तिने पाणी ओतलं.